पुलाच्या अलीकडचे हात

७ मे २०२०, गुरुवार

काम मिळालं! बारामतीच्या संस्थेतले दीपक सर फोनवर म्हणाले, "सबिनाताई, तुमच्या वाडीची जबाबदारी तुमच्याकडं." जबाबदारी अशी, की वाडीतल्या प्रत्येक मोबाईलवर हात धुण्याचं ॲप टाकायचं, लोकांना ते वापरायला शिकवायचं आणि दर आठवड्याला अहवाल पाठवायचा. लग्नाआधी बी.ए. झाले, त्याचा आज पहिल्यांदा कुणाला उपयोग झाला.

दुपारी न्हाणीत करून पाहिलं. फोन बादलीला टेकवून उभा करायचा आणि कॅमेऱ्यासमोर साबण लावून हात चोळायचे. स्क्रीनवर एक वर्तुळ हळूहळू भरत जातं. पूर्ण भरलं की हिरवी खूण उमटते आणि आतून शहरी आवाजाची एक बाई म्हणते, "शाबास! तुमचे हात स्वच्छ आहेत." मला मात्र आधी लाल फुली मिळाली. बाई म्हणाली, "कृपया हातातील दागिने काढा." मी साबणाच्या फेसातच बांगड्या सरकवून काढल्या. बांगड्यांचा धंदा असलेल्या घरात हे कुणाला अवघड नाही. मग हिरवी खूण आली. माझ्या नवऱ्यानं, तौसिफनं, माझे मोकळे हात पाहिले आणि म्हणाला, "मी हाय अजून. आदी पुन्यांदा भर त्या."

अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, बांगड्यांची टोपली मार्चपासून खुंटीला आहे. आमचं घर कालव्याच्या अलीकडं, वाडी पलीकडं. आमच्या लोकांमुळं रोग पसरतो, अशा बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या त्या आठवड्यात वाडीच्या कोरोना समितीनं पुलावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. अलीकडच्यांनी पलीकडं यायचं नाही, असं ठरलं. अलीकडं आमच्या जमातीची तीन घरं आणि एक नागेश दूधवाल्याचं.

गेणबातात्या समितीचे प्रमुख. त्यांच्या लेकीचं, उत्कर्षाचं, लग्न चौदा जूनला आहे, पन्नास माणसांच्या परवानगीत. त्या घरातल्या लेकींना चुडा आमच्याच घरातून भरला जातो. तात्यांच्या आत्यांना अम्मींच्या सासूनं भरला, तात्यांच्या बहिणींना अम्मींनी. उत्कर्षाच्या बारशातल्या काळ्या बांगड्यासुद्धा अम्मींच्याच. यंदा पुलाचं काय करायचं, म्हणून मी तात्यांना फोन लावला. म्हणाले, "तुजं ते ॲप येऊ दे. ज्याच्याकडं हिरवी खूण, त्यानं खुशाल पूल वलांडावा. आमचं काय भाभींशी वैर हाय?" अम्मींना ते भाभी म्हणतात.

किती सोपं झालं. नियम सगळ्यांना एकच. पहिली हिरवी खूण मी अम्मींनाच मिळवून देणार.

१० मे, रविवार

पुलाच्या पलीकडच्या टोकाला एसटीचं शेड आहे. समिती तिथंच बसते. तात्या म्हणाले, कामापुरती शेडापर्यंत ये, वाडीत हिंडू नको, उन्हाचं कशाला. शेडात बस, बायका तितं येतील. माझ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली होती, जरा लांब, बाहेर लिंबाखाली. सावली बरी होती. सगळ्यांना चहा आला. माझा रोजा आहे. मला कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं. नको म्हणायचा प्रश्न वाचला.

काम मात्र फसलं. बायका नवऱ्यांचे, पोरांचे फोन घेऊन आल्या. बादली, साबण, सगळं तयार. अनिताकाकी, म्हणजे तात्यांच्या मालकीण, पहिल्या बसल्या. हात घासघासून लाल केले. फोनमधली बाई म्हणाली, "कृपया हातातील दागिने काढा."

"काय काढा म्हनती?"

"बांगड्या, काकी."

"का? माजा मालक धडधाकट हाय की. त्यो बघ, चहा पितोय."

मी सांगितलं, धुण्यापुरत्या काढायच्या, पुन्हा घालायच्या. तर काकींनी मनगट माझ्यासमोर धरलं. संक्रांतीला अम्मींनी भरलेल्या बांगड्या. हाताला अशा बसलेल्या की फोडल्याशिवाय निघणार नाहीत. आणि बांगडी फोडतात कधी, ते काय सांगायचं? मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्याच हातानं फोडू व्हय, तुज्या फोनापायी?" एक एक करत सगळ्या बसल्या, सगळ्यांना लाल फुली. सगळ्या माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू फोनातली बाई माझी बहीण आहे.

१२ मे, मंगळवार

आज वाडीला पहिली हिरवी खूण मिळाली: दगडाबाई, तात्यांच्या आई. त्यांचे हात मोकळेच, त्यांचा धनी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. फोन म्हणाला, "शाबास!" तशा त्या फोनकडं बघून म्हणाल्या, "आता ग बया. माज्या हाताला शाबास म्हनाया शेवटी ह्योच भेटला."

त्यानंतर वाडीतल्या आणखी विधवा येऊन गेल्या. सगळ्यांना हिरव्या खुणा. पुरुषांनाही मिळतायत. नवऱ्यावाल्या बायकांना एकीलाही नाही. संध्याकाळपर्यंत ॲपचं बारसं झालं होतं: रंडक्यांचं ॲप. अनिताकाकी म्हणाल्या, "ही हिरवी खूण मला नगं ग बाई. देव करो आन ती कदी न मिळो."

दीपक सरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "दागिन्यांचा नियम दवाखान्यातल्या लोकांसाठीचा आहे, तसाच उचललाय. पुढच्या आवृत्तीत बदलून घेतो. तोवर जमेल तसं करा."

घरी येऊन अम्मींना बसवलं. अम्मींचेही हात मोकळे. अब्बा गेले त्या दिवसापासून. जन्मभर दुसऱ्यांचे हात भरायचे आणि आपले मोकळे ठेवायचे. लगेच हिरवी खूण. मी टाळी वाजवली. अम्मी म्हणाल्या, "झालं? आता हात पुसू का?"

१६ मे, शनिवार

अम्मींना घेऊन पुलावर गेले. फांद्यांच्या अलीकडून फोन उंच धरून खूण दाखवली. तात्यांनी तिकडून डोळे बारीक करून पाहिली. म्हणाले, "एक दिवस धुतलं म्हंजी काय झालं? रोज धुवावं लागतंय. ईद होईस्तवर रोजची खूण दाव, मग बघू."

त्यांचंही बरोबर आहे. सवय लागली पाहिजे, हाच तर ॲपचा उद्देश. दीपक सरांच्या प्रशिक्षणातही हेच सांगितलं होतं. माझ्या मनात आलं, अम्मी तर नमाजाआधी हात-तोंड धुऊन वजू करतातच, त्याच वेळी फोन लावला की झालं. घरी सुचवलं, तर अम्मी म्हणाल्या, "त्या टायमाला माजे हात बघनारा हाय एक. त्याच्या शेजारी ह्यो आनी कशाला?"

पण ऐकलं. रोज दुपारी वेगळ्या बसतात. उत्कर्षासाठी.

आम्ही पुलावर उभ्या असताना नागेश दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल घेऊन आला. तात्यांनी स्वतः उठून फांदी बाजूला ओढून धरली. नागेशच्या फोनवर मी अजून ॲप टाकलेलं नाही. त्याला सारखी घाई असते.

२५ मे, सोमवार. ईद

नमाज घरातच. तौसिफनं इमामाच्या जागी उभं राहून दोनदा घसा खाकरला, मला हसू आलं. शीरखुर्मा दरवर्षीसारखाच मोठ्या पातेल्यात केला, सवयीनं. पलीकडच्या घरांचे डबेही अम्मींनी सवयीनं घासून मांडले. तात्यांचा मोठा पितळी डबा सगळ्यात पुढं. मग ते डबे तसेच राहिले. सगळ्यांनी फोनवर मुबारक दिली, उत्कर्षानं तर चित्रही पाठवलं, चंद्राचं.

नागेश येऊन दोन वाट्या पिऊन गेला. "वयनी, काजू कमी घातलं या वक्ताला," म्हणाला. मिशी पुसली, कॅन लावले, पुलावर गेला.

२७ मे, बुधवार

रोजच्या हिरव्या खुणांची रांग फोनवर दाखवली. एकही दिवस सुटलेला नाही. वाडीत इतकी सलग रांग कुणाचीच नाही. दगडाबाईंचीही मध्ये तुटली, कारण त्यांनी फोन हौदात पाडला.

तात्या म्हणाले, "हाताचं झालं. पन माल? काचंच्या बांगड्या कुठनं कुठनं येत्यात."

मी म्हटलं, माल संक्रांतीच्या आधीपासून घरात आहे. तरी साबणाच्या पाण्यात घालून देऊ.

"बरं, मालाचं झालं. पन श्वासाचं काय?"

अम्मी मास्क लावतील, मी म्हटलं.

तात्यांनी तळहातावर तंबाखूला चुना मळला. मग म्हणाले, "तुजं सगळं खरं हाय, सूनबाई. पन लोकांच्या मनाचं काय करायचं?"

दीपक सरांना विचारलं पाहिजे, मनासाठी काही आहे का.

घरी आल्यावर अम्मींनी टोपली खुंटीवरून काढली, बांगड्या पुसल्या, पुन्हा टांगली. दुपारी मी फोन मांडायला गेले, तर म्हणाल्या, "आता ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, रांग तुटेल. "तुटू दे. लई लांब झाली." मला त्यांचा रागच आला. इतकी मेहनत, आणि आता शेवटी!

२ जून, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी नागेश दुधाऐवजी पाटी घेऊन दारात. पाटीत मोबाईल. वाडीतल्या बायकांचे, म्हणजे त्यांच्या घरच्यांचे. प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी. पाठोपाठ तात्यांचा फोन. तहसीलच्या ग्रुपवर नकाशा आलाय, शेजारच्या वाड्या हिरव्या आणि आमची तेवढी लाल. मोठ्या साहेबांनी विचारलं, तुमच्या वाडीत पाणी नाही की साबण नाही? तात्यांच्या जिवाला ते फार लागलं.

"मग असं कर," तात्या म्हणाले, "भाभींचे हात मोकळे हायत. एकेका फोनापुडं त्यांनी एकेकदा धुवायचे. यंत्राला काय कळतंय, कुनाचे हात? आमच्या म्हातारीला सांगितलं हुतं, पन ती ऐकंना. भाभी समजूतदार हायत."

मी विचारलं, "आणि चुड्याचं?"

"बघू की. आदी ह्ये तर होऊ दे."

खरं सांगते, मला सौदा वाईट वाटला नाही. माझा अहवालही सुधारला असता. मी ओट्यावर फोन ओळीनं मांडले, बादली भरली, साबण ठेवला आणि अम्मींना हाक मारली.

अम्मी ओळीकडं बघत उभ्या राहिल्या. "ह्ये कुनाचे?"

मी सांगितलं.

"आन हात कुनाचे?"

"तुमचे."

त्यांनी पहिला फोन उचलला, पट्टी मला वाचायला लावली. अनिता. दुसरा. तिसरा. सगळ्या त्यांनी भरलेल्या हातांची नावं. मग फोन एकावर एक न रचता, काच असल्यासारखे, एकेक करून पाटीत परत ठेवले.

"म्हंजी माजे हात पुलापलीकडं चालत्यात," त्या म्हणाल्या, "फोनात घालून. हातामागची बाई तेवडी चालत न्हाय."

नागेश म्हणाला, "भाभी, कशाला वाकडं घेताय? दोन मिनिटाचं काम हाय."

"मग तू कर. तुजे पन मोकळेच हायत."

"मी बाप्या हाय."

"यंत्राला काय कळतंय?" अम्मी म्हणाल्या. "उचल पाटी."

नागेश पाटी घेऊन निघाला, तेव्हा त्यातला एक फोन वाजायला लागला. आरतीची रिंगटोन. पुलापर्यंत वाजत गेली.

नंतर मी सात मेचं पान उघडून वाचलं. 'नियम सगळ्यांना एकच.' खोडणार नाही. राहू दे तसंच.

३ जून

वादळ. वीज नाही, रेंज नाही, फोन बंद. बरं वाटलं.

५ जून, शुक्रवार

ऊस आडवा झालाय, बाभळीच्या फांद्या मात्र पुलावरून हलल्या नाहीत; दगड ठेवले होते.

अहवालाचा दिवस म्हणून शेडाजवळ गेले. खुर्ची लिंबाखालीच होती. मी ती उचलली आणि शेडात, समितीच्या बाकासमोर नेऊन ठेवली. बाकावरची दोन माणसं सरकली.

मी म्हटलं, "तात्या, आज अलीकडच्या घरांची नोंद घ्यायची आहे. नागेशभाऊंची खूण कुठं आहे?"

नागेश कॅन उतरवत होता. हसला. "माजी? माज्या फोनात जागा न्हाय, वयनी."

"मग महिनाभर पूल कसा ओलांडताय? नियम तर खुणेचा आहे."

"अगं, त्यो नागेश हाय," तात्या म्हणाले. "त्यो आपला—"

आणि थांबले. चुन्याची डबी उघडली, मिटली. मग म्हणाले, "दूधवाला हाय त्यो."

"हो," मी म्हटलं, "आणि आम्ही बांगडीवाले."

एवढंच बोलून आले. घरी येऊन सगळं सांगितलं. तौसिफ म्हणाला, "धंदा हितंच करायचा हाय आपल्याला, जरा जपून." अम्मी म्हणाल्या, "जपूनच बोलली ती. मी असते तर खुर्ची डोस्क्यात घातली असती." तौसिफ हसला. मग म्हणाला, उद्यापासून तूच माझ्या गॅरेजची वसुली कर.

८ जून, सोमवार

उत्कर्षाचा फोन. आवाज दबका, न्हाणीतून बोलत होती. तात्यांनी इंदापूरहून बांगड्यांचा डबा मागवलाय. धातूच्या, हिरव्या रंगाच्या, वर प्लॅस्टिकचा कागद. भरायलाही कुणी नको, आपल्या आपण घालता येतात.

"वयनी, मी त्या घालनार न्हाय. सांगितलंय आईला. मोकळ्या हातानं बोहल्यावर बसीन. मग नवऱ्याकडच्यांना तात्यांनी सांगावं, का बसली ते."

मी म्हटलं, "अगं, लग्नाच्या तोंडावर कशाला?" मीच म्हटलं. सहा दिवसांपूर्वी ओट्यावर फोन मांडणारी मीच.

अम्मींनी फोन हातातून घेतला. "उत्कर्षा, रडू नगं. तुज्या मापाचा चुडा दिवाळीपासनं बाजूला काडून ठेवलाय मी. पन ऐक, मी चोरून येनार न्हाय. ऊसातनं न्हाय, अंधाराचं न्हाय. नवरीच्या बापानं बांगडीवालीला सोता बोलवाया यायचं, ही रीत हाय. तुज्या आत्यांच्या वक्ताला तुजा आज्जा आलता, फेटा बांधून. तुज्या बापाला सांग."

तिकडून नळ बंद केल्याचा आवाज आला. मग उत्कर्षा म्हणाली, "त्ये यायचे न्हाईत."

"मग पुलावर तर येशील?"

१२ जून, शुक्रवार

दुपारी पलीकडून आवाज आला म्हणून बाहेर आले, तर पुलावर बायका. पुढं दगडाबाई, काखेत लाकडी पाट. मागं उत्कर्षा, हातात बादली. अनिताकाकी सगळ्यांत शेवटी, पदर तोंडाला लावून. मास्कसाठी की कशासाठी, कळत नव्हतं. दगडाबाईंनी पायानं दगड लोटला. फांद्या उत्कर्षानं ओढल्या. तिच्या मनगटाला ओरखडा आला, तिनं तो तोंडात धरला आणि दुसऱ्या हातानं ओढत राहिली. मग मागच्या बायका पुढं झाल्या. भरलेल्या हातांनी काटे ओढताना किणकिण होत होती, एकही बांगडी फुटली नाही.

अम्मींनी खुंटीवरची टोपली काढली. चढण चढून पुलाच्या मध्यावर जाऊन बसल्या. मी फोन घेऊन मागं. का घेतला, माहीत नाही, कामाची सवय.

तेवढ्यात तात्या मोटारसायकलवरून आले. सरळ वावरातून आले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत वर.

"ह्ये काय चाललंय पुलावर?"

"लगीन," दगडाबाई म्हणाल्या. "तुला आवतन न्हाय का?"

"आई, तू घरी चल. लोक बघत्यात."

"बघू देत की. लोकांच्या मनाचं बघायचं म्हनत हुतास ना? ही बघ, आली सगळी मनं."

तात्यांनी बायकांकडं पाहिलं, अनिताकाकींकडं पाहिलं. काकींनी पदर खाली घेतला. एवढंच केलं. पण तात्यांनी गाडी स्टँडला लावली, पायजमा खाली सोडला आणि अम्मींसमोर येऊन उभे राहिले.

"चला, भाभी," म्हणाले. "घरी चला. मी बोलवाया आलोय."

अम्मी उठल्या नाहीत. "येते की. रीतीनं आलासा, मी न्हाय कशाला म्हनू? तेवडी खूण दावा, तात्या."

"कसली खूण?"

"हिरवी. मी तुमच्या घरात पाय ठेवनार, तुमच्या हातचं पानी घेनार. तुमच्या हातांचं काय ते मला कळाया नको?"

बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. तात्यांच्या फोनात ॲपच नव्हतं. समितीच्या प्रमुखांच्या फोनात! मी आठवड्यांमागून आठवडे त्यांच्यासमोर बसले आणि मला तपासायचं सुचलं नव्हतं. मी माझ्या फोनात त्यांचं नाव घातलं आणि तो बादलीला टेकवून उभा केला. दगडाबाई म्हणाल्या, "बस गेणबा. पाट हाय."

तात्या बसले. राग होता, पण बसले. हात ओले केले, साबण लावला. फोनमधली बाई म्हणाली, "कृपया हातातील दागिने काढा."

पुलावर जो हशा उठला, तो शेजारच्या सणसरपर्यंत गेला असेल. तात्यांच्या बोटात पुष्कराजाची अंगठी आहे. "ही निघत न्हाय," ते म्हणाले. "बोट जाड झालंय. कापावी लागंल."

"कापा की मग," अनिताकाकी म्हणाल्या. महिनाभरात त्यांचा आवाज मी एवढा मोठा ऐकला नव्हता. "आमाला लई जोर लावत हुता. काडा, काडा. यंत्र सांगतंय, काडा."

"आना हिकडं," अम्मी म्हणाल्या.

त्यांनी हात पुढं केला. तात्यांनी आपला हात मागं घेतला; चार बोटांएवढाच, जास्त नाही. सगळ्यांनी पाहिलं. अम्मींचा हात तसाच पुढं राहिला. घाई नाही, काही नाही. बाजारात बसल्यावर एखाद्या लाजाळू पोरीसाठी धरतात तसा. शेवटी तात्यांनी हात दिला.

"सैल सोडा, तात्या. ताठ धरलं की काच फुटती आन हात बी. बाईमानसावानी सोडा." अम्मींनी फेस चढवला, बोटाचं पेर अंगठ्यानं दाबलं, कातडी जरा मागं घेतली, अंगठी फिरवत फिरवत पुढं आणली. तात्या खाली बघत होते. त्यांच्या मोठ्या तळव्यात अम्मींचे दोन्ही हात, सगळं एकाच फेसात. अंगठी निघाली. बोटावर तिच्या जागी पांढरा वळसा होता.

फोन म्हणाला, "कृपया एकाच व्यक्तीचे हात दाखवा." लाल फुली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खाली 'पुन्हा प्रयत्न करा' असं बटण येतं. तात्याही म्हणाले, "कर पुन्यांदा, सूनबाई. आता व्हईल."

मी फोन बंद करून पिशवीत टाकला.

अम्मींनी अंगठी धुतली, तात्यांच्या हातावर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चला. पोरगी कवाची खोळंबलीय." मग टोपलीकडं पाहिलं. "जड हाय ती."

तात्यांनी टोपली उचलली.

१४ जून, रविवार

लग्न लागलं. पन्नासात आमची तीन नावं होती. चुडा भरल्यावर उत्कर्षा अम्मींच्या पाया पडली ते परवाच. आज ती बोहल्यावर हात पुढं धरून बसली होती, गरजेपेक्षा जरा जास्तच पुढं. नवऱ्याकडच्या बायका विचारत होत्या, काच कुणाकडची?

ईदला घरातच राहिलेला तो मोठा पितळी डबा अम्मींनी जाताना सोबत घेतला होता; येताना तो तात्यांच्या घरून भरून आला. बुंदी. अम्मींनी झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, म्हणाल्या, "साखर कमी हाय." मग दोनदा घेतली.

संध्याकाळी दीपक सरांचा फोन. तुमच्या वाडीतून परवा फक्त एकच नोंद आली, तीही लाल आणि तीही समितीच्या प्रमुखांची. तांत्रिक चूक दिसते, म्हणाले, काढून टाकू का?

मी म्हटलं, चूक नाही, राहू द्या. कारणाच्या रकान्यात लिहा: एका वेळी दोन माणसांचे हात.

"असा पर्याय नाहीये, ताई."

"मग करा," मी म्हटलं. "पुढच्या आवृत्तीत. आणि बांगड्यांचाही."

आत्ता पुलावर दगडाबाई आणि अम्मी बसल्यात. पाट एक, बादली एक. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धुवायला लावतायत. अलीकडचा असो की पलीकडचा. मघाशी नागेश धापा टाकत दारात आला. म्हणाला, "वयनी, त्या म्हाताऱ्या सोडंनात. ते तुजं ॲप टाक बरं लवकर, दूध नासंल."

मी म्हटलं, ॲप नको. साबण लावा.

बाभळीच्या फांद्या तौसिफनं ओढून दारात आणल्यात. चांगल्या वाळल्यात. सकाळी न्हाणीचं पाणी त्यांच्यावरच तापवलं.